घराची राखण आणि दोन साक्षीदार

वाचकहो, रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपण दाराची कडी लावतो, ती एकदा ओढून पाहतो आणि मगच अंथरुणाला पाठ टेकतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्यामागेही काही इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे एवढेच आपल्याला आठवते. परंतु माणसाने आपले घर कसे राखले, कोणाच्या भरवशावर तो निश्चिंत झोपला, हाही इतिहासच आहे; आणि माझ्या मते तो लढायांच्या इतिहासापेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे.

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे, एखाद्या घरी आपण गेलात तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, छताच्या थोडे खाली, साबणाच्या वडीहून जराशी मोठी अशी एक पांढरी डबी बसवलेली कधीकधी दिसते. कोणी हलले की तिच्यातला बारीक दिवा लुकलुकतो. ही डबी म्हणजे माणसाची चाहूल घेणारा सेन्सर. पुस्तकी मराठीत त्याला संवेदक म्हणतात. पण दुकानात जाऊन कोणी संवेदक मागत नाही, तेव्हा मीही सेन्सरच म्हणतो. यांतल्या काही डब्यांत दोन निरनिराळ्या तऱ्हेची यंत्रे शेजारी शेजारी बसवलेली असतात, आणि दोघांचे एकमत झाल्याखेरीज घंटा वाजत नाही. या दुहेरी सेन्सरची हकीकत मला सांगावयाची आहे. आता मी पडलो इतिहास शिकवणारा माणूस. या विजेच्या भानगडीत मी शिरलो कसा, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या आमच्या तळमजल्यावरील घरात मी असाच एक सेन्सर बसवून घेतला. तो मात्र एकेरी होता. बसवणाऱ्याने तो पश्चिमेच्या खिडकीसमोर ठोकला आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. आम्ही उभयता कामावर गेलो आणि आई देवळात गेली की दुपारचे ऊन खिडकीतून फरशीवर येई, वाऱ्याने पडदा हले, आणि घंटा ठणाणा करू लागे. पहिल्या वेळी शेजारची चार माणसे धावत आली. दुसऱ्या वेळी दोघे आले. पुढे पुढे कोणी येईना. त्यात त्यांची काय चूक? त्या वर्षी दिवाळीत आम्ही गावी गेलो आणि मागे चोरी झाली. आईच्या पाटल्या गेल्या आणि माझ्या वडिलांचे मनगटी घड्याळ गेले. परत आल्यावर शेजारच्या काकू डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “अहो सर, घंटा वाजली होती हो. आम्ही ऐकली. पण आम्हाला वाटलं, नेहमीचंच.”

वाचकहो, पाटल्या पुन्हा करता येतात. पण ते ‘नेहमीचंच’ माझ्या मनातून जाईना. पहारेकऱ्याने हाक मारली होती, अगदी वेळेवर मारली होती. आणि तरीही ती फुकट गेली. मग मला असे वाटू लागले की, राखणीचा खरा प्रश्न चोर ओळखण्याचा नाहीच. हाक मारली तर ती कोणी खरी मानील काय, हा खरा प्रश्न आहे. या दृष्टीने मी मागचा इतिहास चाळू लागलो.

राखणीची साधने दोन जातींची असतात. एक अडवणारी आणि दुसरी हाक मारणारी. कडी-कोयंडा, अडसर, जुन्या वाड्यांचा दिंडी दरवाजा, कुलूप, तिजोरी ही सारी अडवणारी. या बाबतीत आपल्या मुंबईचे नाव मोठे आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, पुढे तिजोऱ्याही केल्या. आणि त्यांचे बंधू पिरोजशा यांच्या काळात हा उद्योग घाटकोपरच्या पलीकडे विक्रोळीला येऊन विस्तारला. पण कुलूप कितीही भक्कम असले तरी ते मुके असते. चोराला पुरेसा वेळ मिळाला तर ते शेवटी हरते. म्हणून त्याच्या जोडीला हाक मारणारा कोणीतरी लागतो.

आपल्या महाराष्ट्रात गावगाड्यात ही हाक मारण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याला नावच मुळी ‘जागल्या’ असे होते. जो जागतो तो जागल्या. वेशीवर वेसकर असे. पुण्याकडे राखणीचे हे काम बहुधा रामोशांकडे असे, आणि पुढे इंग्रजी अंमलात साहेबांच्या बंगल्यांवरही रामोशी राखणदार ठेवण्याची रीत पडली. जागल्याचे काम नुसते काठी आपटून आरोळी ठोकण्याचे नव्हते. गावात कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी पाहुणा उतरला, हे त्याला ठाऊक असावे लागे. चोरी झालीच तर चोराच्या पावलांचा माग काढीत त्याने शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जावयाचे आणि तो माग तिथल्या राखणदाराच्या हवाली करावयाचा. तसे न जमले तर नुकसानीची भरपाई त्याच्याकडे मागितली जाई. म्हणजे जागल्या कानाने ऐके, डोळ्याने पाही, दोन्ही ताडून घेई आणि मग हाक मारी. खोटी हाक मारली तर गाव हसणार, आणि खरी हाक चुकली तर भरपाई द्यावी लागणार! त्याच्या शब्दाला वजन होते ते या दुहेरी धाकामुळे.

मुंबई बेटावर सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने भंडारी लोकांचे पथक उभारून रात्रीची गस्त सुरू केली. आपली उपनगरे तेव्हा साष्टी बेटावरची खेडी होती. तेथे भातशेती, मिठागरे आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या. पुढे आगगाडी आली, वस्ती आली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढली. दुसऱ्या वेळी ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. चाळींतून आणि लहानसहान बंगल्यांतून राहणारी माणसे हळूहळू सहकारी सोसायट्यांच्या इमारतींत राहू लागली. चाळीत दारे दिवसभर उघडी असत आणि तरी चोराची छाती होत नसे. कारण व्हरांड्यात बसलेल्या आजीबाईंचा डोळा चुकवून जाणे कोणाला शक्य नव्हते. फ्लॅटमध्ये दारे मिटली आणि तो डोळाही मिटला. मग त्याची जागा भरण्यासाठी शिट्टी फुंकीत, विजेच्या खांबावर काठी आपटीत फिरणारा गुरखा आला. त्यानंतर गणवेशातला वॉचमन आला. या रखवालदारांची संख्या एवढी वाढली की, त्यांच्या नोकरीच्या आणि कल्याणाच्या शर्ती ठरवण्यासाठी महाराष्ट्राला १९८१ साली निराळा कायदा करावा लागला.

इकडे हे चालले असता विजेचा जागल्या दूर अमेरिकेत जन्माला आलेला होता. त्याचे साल लक्षात ठेवण्यास सोपे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भागातून धूर सोडीत गेलेली हीच ती गाडी. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २१ जून १८५३ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने चोरघंटेचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पुरे व्हावे, विद्युच्चुंबकाने हातोडी हलवावी आणि घंटा वाजावी. एडविन होम्स या व्यापाऱ्याने १८५७ साली हे हक्क विकत घेतले आणि त्याचा मोठा धंदा केला. आजही दाराच्या चौकटीला लोहचुंबकाची जी लहानशी जोडी बसवतात, ती या घंटेचीच नात म्हणावयास हरकत नाही.

परंतु दार उघडणे आणि चोर शिरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. चोर गज कापून आला, काच काढून आला, तर दाराच्या घंटेला पत्ता लागत नाही. तेव्हा खोलीतली हालचालच ओळखता आली पाहिजे, असे शोधकांना वाटू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज खोलीत सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून हालचाल ओळखणारी यंत्रे अमेरिकेत निघाली. पण टेलिफोनची घंटा वाजली तरी ती फसत. त्यानंतर ज्या दोन युक्त्या टिकल्या, त्या आपल्या डबीत आहेत. एक युक्ती उष्णतेची आणि दुसरी लहरींची.

आधी उष्णतेची पाहू. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा अधिक चढला. त्या अदृश्य प्रकाशाला आपण अवरक्त किरण म्हणतो. आपले शरीरही हे किरण रात्रंदिवस सोडीत असते. आपल्या अंगावरून निघणाऱ्या या किरणांची लांबी मुख्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते.

हे किरण ओळखावयाचे कसे? याचे उत्तर आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपाहून आले. अठराव्या शतकाच्या आरंभी डच लोकांनी तिथून तुरमली नावाचे रत्न युरोपात नेले. निखाऱ्याजवळ ते तापवले की राखेचे कण ओढून घेई, म्हणून डचांनी त्याला ‘राखओढ्या’ असे गमतीदार नाव दिले. काही स्फटिकांचे तापमान बदलले की त्यांच्या अंगावर वीज साचते, हे त्यामागचे तत्त्व. आपल्या डबीतही असाच गुण असलेला एक लहानसा तुकडा असतो. ध्यानात घ्या, तापमान *बदलले* की. ऊब नुसती असून चालत नाही. म्हणून अगदी स्तब्ध उभा राहिलेला माणूस या डोळ्याला दिसत नाही.

डबीच्या तोंडावर जे दुधी प्लास्टिक असते ते नुसते झाकण नव्हे. ते भिंग आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी १८२० च्या दशकात जी पायऱ्यापायऱ्यांची भिंगे केली, त्याच जातीचे. फरक एवढाच की दीपगृहाचे भिंग प्रकाश बाहेर फेकते आणि हे आत गोळा करते. या भिंगाचे अनेक तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा खोलीचा एकेक पट्टा पाहतो. आपण गजांच्या खिडकीआडून उन्हात चालणारा माणूस पाहिला असेल. तो गजाआड जातो, दिसतो, पुन्हा गजाआड जातो. तसाच माणूस पट्ट्यापट्ट्यांतून जाऊ लागला की उष्णता लुकलुकते. आतल्या तुकड्याचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोलीच सावकाश तापली तर दोघांची बेरीज शून्य होते. माणूस गेला तर आधी एकाला आणि मग दुसऱ्याला कळते.

या डोळ्याचे काम पाहावयाचे असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आठवण करा. तिथे वाटेच्या कडेला झाडांना कॅमेरे बांधतात आणि बिबट्याच्या अंगाच्या उबेने ते आपोआप चालू होतात. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखता येते. अशा छायाचित्रांच्या आधारे २०१५ सालच्या अभ्यासात तिथे ३५ बिबटे मोजले गेले. पण याच कॅमेऱ्यांत रिकामी चित्रेही पुष्कळ येतात. ऊन पडते, गवत तापते, वाऱ्याने हलते आणि कॅमेऱ्याला वाटते की कोणी गेले. माझ्या पश्चिमेच्या खिडकीत हेच झाले होते. जंगलात रिकामे चित्र टाकून देता येते. सोसायटीत वाजलेली घंटा परत घेता येत नाही. शिवाय आपल्या मुंबईच्या मे महिन्यात बंद घरातली हवाच अंगाइतकी तापते. तेव्हा पांढऱ्या कागदावर पांढरी खडू ओढावी तशी माणसाची ऊब भोवतालात मिसळून जाते आणि डोळा मंदावतो.

आता दुसरी युक्ती. घाटकोपरच्या फलाटावर उभे असताना न थांबणारी मेल गाडी भोंगा वाजवीत जाते, तेव्हा कान देऊन ऐका. गाडी येत असताना भोंगा चढ्या सुरात असतो आणि आपल्यासमोरून पुढे गेली की एकदम उतरतो. भोंगा तोच, पण येणाऱ्या लहरी दाटीने येतात आणि जाणाऱ्या विरळ होतात. ख्रिश्चन डॉप्लर याने हे तत्त्व १८४२ साली मांडले, आणि १८४५ साली बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने चक्क आगगाडीत वादक बसवून, उट्रेख्टजवळच्या रुळांवर ते पडताळून पाहिले.

डबीतले दुसरे यंत्र भोंग्याऐवजी सूक्ष्मलहरी सोडते. याही विद्येत आपल्या देशाचा हात आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती. आजच्या कित्येक सेन्सरांत या लहरी सेकंदाला सुमारे साडेदहा अब्ज वेळा आंदोलतात. एका लहरीची लांबी तीन सेंटिमीटरांहून किंचित कमी भरते. माणूस सेकंदाला एक मीटर अशा सावकाश चालीने डबीकडे आला, तर परतणाऱ्या लहरीत सेकंदाला अवघ्या ७० आंदोलनांचा फरक पडतो. साडेदहा अब्जांत ७०! गेलेली आणि आलेली लहर एकमेकींत मिसळून हा फरक निवडून काढतात. भिंती, कपाट, देव्हारा यांच्यावरून परतणाऱ्या लहरीत फरक पडत नाही, म्हणून यंत्र त्यांच्याकडे लक्ष देत नाही. अंधेरीला वेरावली येथे हवामान खात्याचे जे रडार २०२२ च्या जानेवारीत सुरू झाले, तेही याच तत्त्वावर पावसाचे ढग आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत ते ओळखते. ते आभाळ राखते आणि आपली डबी दिवाणखाना राखते, एवढाच काय तो भेद.

पण बोस यांच्या त्या प्रयोगात जे कौतुकाचे होते, तेच इथे दोषाचे ठरते. या लहरी भिंतीपलीकडे जातात. लाकडी पडदी, काच, पातळ भिंत यांना त्या जुमानत नाहीत. बाहेरच्या जिन्यावरून कोणी गेले तरी डबीला वाटते की घरात कोणी आहे. छताचा पंखा फिरला, पहाटे पाणी आले आणि प्लास्टिकच्या नळातून वाहू लागले, तरी तिला हालचाल जाणवते. उष्णतेच्या डोळ्याचे नेमके उलट. त्याला काचेपलीकडचे दिसत नाही, आणि नळातल्या पाण्याशी त्याला कर्तव्य नाही.

वाचकहो, इथेच गंमत आहे. एकाला ऊन फसवते, दुसऱ्याला फसवीत नाही. दुसऱ्याला जिन्यावरचा माणूस फसवतो, पहिल्याला फसवीत नाही. पहिल्याला आडवा जाणारा माणूस चांगला कळतो आणि सरळ अंगावर येणारा कमी कळतो; दुसऱ्याला सरळ येणारा चांगला कळतो आणि आडवा जाणारा कमी. जणू भांडखोर पण प्रामाणिक अशी दोन भावंडे! तेव्हा १९८० च्या दशकात दोघांना एका डबीत घालण्याची पद्धत रुळली आणि नियम असा केला की, काही सेकंदांच्या आत दोघांनीही ‘आहे’ म्हटले तरच घंटा वाजावी.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, प्रत्येक जण शंभर मिनिटांत एखादे मिनिट चुकून ओरडतो, आणि एकाच्या चुकीचा दुसऱ्याच्या चुकीशी संबंध नाही. तर दोघे एकाच मिनिटाला चुकून ओरडण्याची वेळ दहा हजार मिनिटांत एकदा येईल. ‘चुकीचा चुकीशी संबंध नाही’ हे शब्द मात्र विसरू नका. सारी किमया त्यांत आहे. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात अमुक इतके साक्षीदार हवेतच असा नियम १८७२ साली नव्हता आणि आजही नाही. साक्षीदार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. एकाच माणसाकडून ऐकून आलेले दहा जण म्हणजे शेवटी एकच साक्षीदार. एकाच जातीचे दोन सेन्सर लावले तर दुपारचे ऊन दोघांनाही एकदमच फसवील. निरनिराळ्या वाटांनी सत्याकडे येणारे दोघे भेटले तर मात्र त्यांच्या एकमताला किंमत येते. आम्ही इतिहासवाले तरी दुसरे काय करतो? बखरीत एक लिहिलेले असते. त्याच वेळचे एखादे पत्र निराळ्या माणसाने, निराळ्या हेतूने लिहिलेले सापडते. दोघांत मेळ बसला की आम्ही ते विधान पुस्तकात घालतो.

तथापि, मी केवळ गुण गाऊन थांबलो तर तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. दोघांचे एकमत हवे, असा नियम केला की खोट्या हाका कमी होतात. पण खऱ्या हाकाही थोड्या कमी होतात. समजा, प्रत्येक जण शंभरांतले ९५ चोर ओळखतो. दोघांनीही ओळखलेच पाहिजे म्हटले तर ती संख्या नव्वदीवर येते. मे महिन्यात उष्णतेचा डोळा मंदावला तर दुसरा एकटा ओरडून उपयोग नसतो. ज्या तिजोरीपाशी एकही चूक परवडत नाही तिथे निराळा विचार करावा लागतो. घरात मात्र मला हा सौदा मान्य आहे, कारण सत्तावीस खोट्या हाकांनंतरच्या अठ्ठाविसाव्या खऱ्या हाकेची किंमत काय, ते मी पाहिलेले आहे.

शिवाय चांगला सेन्सरही वाईट जागी बसवला तर व्यर्थ. तो खिडकीसमोर नसावा. स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या आणि एअर कंडिशनरच्या झोताच्या वाटेत नसावा. साधारण सात-आठ फुटांवर, खोलीच्या अशा कोपऱ्यात असावा की जिथून दारही दिसते आणि येणारा तिरका जातो. म्हणजे दोन्ही भावंडांना त्याची चाहूल लागते. लहरींचा पल्ला खोलीपुरताच ठेवावा, नाहीतर शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब आपण ठेवू लागतो. आणि वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी असावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज तासन्‌तास गेली होती, हे आपल्याला आठवत असेलच. मांजराची गोष्ट निराळी. मांजर ऊबदारही असते आणि हलतेही, तेव्हा दोन्ही साक्षीदार तिच्याविरुद्ध खरीच साक्ष देतात! त्यासाठी खालचा पट्टा सोडून पाहणारी भिंगे मिळतात. बोका कपाटावर चढला तर मात्र इलाज नाही.

आमच्या घरात आता दुहेरी सेन्सर आहे. तो मी स्वतः उभा राहून, दाराच्या आतल्या कोपऱ्यात बसवून घेतला. पण त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, आणि वाचकहो, तीच मला आपल्याला आग्रहाने सांगावयाची आहे. मजल्यावरच्या तिन्ही घरांना मी एका रविवारी चहाला बोलावले. घंटा कशी वाजते ते वाजवून दाखवले, ती कशाने वाजते आणि कशाने वाजत नाही ते सांगितले, आणि मागच्या वर्षीच्या त्रासाबद्दल सर्वांची माफी मागितली. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सर, आता वाजली ना, तर मी येईन हो. रात्री दोन वाजले तरी येईन.”

डबीतले दोन साक्षीदार फार तर एवढेच सांगू शकतात की, इथे ऊब असलेले काहीतरी हलते आहे. तो चोर आहे की घरच्याच कोणाची झोप मोडली आहे, हे त्यांना कळत नाही. जागल्याला ते कळे, कारण तो गावाला ओळखत होता. यंत्राने आपल्याला निराळे पण महत्त्वाचे असे एक देणे दिले आहे. हाक मारण्यापूर्वी स्वतःची खात्री करून घेण्याची शिस्त त्याने लावली आहे. ती हाक ऐकून दार उघडणारे माणूस मात्र आपल्यालाच जोडावे लागते.

काकूंना अजून यावे लागलेले नाही. पण रात्री कडी ओढून पाहिल्यावर मी भिंतीपलीकडे त्यांच्या घरातला रेडिओ मंद होताना ऐकतो, आणि मग दिवा मालवतो.